पणजोबाच्या चौकटीत बाबासाहेब : घोडेगावच्या पोरांचे वंशवृक्ष आणि आपला न लिहिलेला इतिहास

घोडेगावच्या वस्तीत आम्ही काही कार्यकर्ते रविवारी अभ्यासवर्ग घेतो. मागच्या सत्रात पाचवीतला एक मुलगा शाळेचा प्रकल्प घेऊन आला. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो तयार तक्ता. हिरवे झाड, झाडाला लाल सफरचंदे आणि प्रत्येक सफरचंदात एक चौकट. खाली ‘मी’, वर आई-बाबा, त्यावर आजी-आजोबा, अगदी शेंड्याला पणजी-पणजोबा. चौकटीत फोटो चिकटवायचा आणि खाली नाव लिहायचे. (घोडेगावात सफरचंदाचे झाड कोणी पाहिले आहे, हा प्रश्न तक्ता छापणाऱ्याला पडला नसावा.) मुलाने आईबापाचे पासपोर्ट फोटो लावले होते. आजोबांचा चेहरा आधार कार्डाच्या झेरॉक्समधून कापला होता. आणि पणजोबाच्या चौकटीत, १४ एप्रिलच्या पत्रकातून कापलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

त्या चौकटीवर लाल शाईची फुली होती. शेजारी शेरा होता, ‘नाते चुकीचे. खरी माहिती लिही.’

शाळा कोणती, शिक्षक कोण, हे येथे सांगण्याचे कारण नाही. हा शेरा कोणत्याही शाळेत पडला असता. आमचा पहिला विचार तुम्हाला सुचेल तोच होता. बाबासाहेबांच्या फोटोवर फुली! निवेदन लिहायचे, मुख्याध्यापकांना भेटायचे, गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जायचे. आमच्यातल्या एकाने मोबाईलवर मजकूर टाईप करायलाही घेतला. तेवढ्यात दुसऱ्याने मुलाला सहज विचारले, “बरं, तुझ्या खऱ्या पणजोबांचं नाव काय रे?”

“ठावं नाय.”

बाप दारातच उभा होता. त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, “आमच्या आज्याचं नाव मलाच ठावं नाय दादा. म्हातारीला ठावं असंल.” मग खोलीत असलेल्या एकवीस मुलांना विचारले. पणजोबाचे नाव सांगणारी चार निघाली. पणजीचे नाव सांगणारे एकही नाही. मग आम्ही एकमेकांना विचारले, आणि निवेदनाचा मजकूर तसाच अर्धवट राहिला. समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही नातेसंबंधांच्या आकृत्या गिरवल्या होत्या, पुरुषाला त्रिकोण आणि बाईला वर्तुळ. इरावती कर्वे यांचा नातेसंबंधांवरचा १९५३ चा ग्रंथ परीक्षेपुरता पाठ केला होता. स्वतःच्या घराची आकृती मात्र कधीच काढली नव्हती.

मित्रांनो, हा विसराळूपणाचा प्रश्न असता तर त्यावर लेख लिहिण्याची गरज नव्हती. एकवीसपैकी सतरा घरांना तिसऱ्या पिढीपलीकडचे नाव ठाऊक नसते, तेव्हा त्यामागे व्यवस्था असते. ती व्यवस्था समजून घेतल्याशिवाय त्या लाल फुलीला उत्तर देता येणार नाही.

या देशात वंशावळ ही कधीच घरगुती हौस नव्हती. ती सत्तेची कागदपत्रे होती. नाशिकच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या नामावळ्या आजही आहेत. कोण कधी तीर्थाला आला, त्याचा बाप कोण, भाऊ किती, मुले किती, सगळे बाडांत लिहिलेले. पण त्या बाडात नाव चढायला तीर्थावर जावे लागे, उपाध्यायासमोर बसावे लागे, दक्षिणा द्यावी लागे. ज्या नाशकात काळाराम मंदिराच्या दारासाठी २ मार्च १९३० पासून पुढे काही वर्षे आपल्या लोकांना लाठ्या-दगड खावे लागले, त्या नाशकात आपल्या खापरपणजोबाला कोणी पाट मांडून नाव विचारले असेल असे समजणे भाबडेपणाचे आहे.

आणि वंशावळ नसली तर काय होते, हे या मातीने राजालाही दाखवले. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्य उभे केले तरी १६७४ च्या राज्याभिषेकासाठी त्यांना क्षत्रियत्व सिद्ध करावे लागले, आणि भोसले कुळ उदेपूरच्या सिसोदियांशी जोडणारी वंशावळ पुढे आली. सव्वादोनशे वर्षांनी राजर्षी शाहूंना वेदोक्त प्रकरणात तोच प्रश्न नव्याने विचारला गेला. बाबासाहेबांनी ‘हू वेअर द शूद्राज?’ (१९४६) या ग्रंथात राज्याभिषेकाच्या प्रकरणाची सविस्तर चर्चा केली आहे, ती आपल्या प्रत्येक तरुणाने वाचावी. तलवार ज्याची होती त्यालाही वंशाचा दाखला भटाकडूनच घ्यावा लागला. मग ज्याच्या हाती फक्त काठी होती त्याचे काय?

येथे आपल्या इतिहासातली सर्वात विचित्र गोष्ट येते. ज्या महाराची वंशावळ कोणी लिहिली नाही, तोच गावाची स्मरणशक्ती होता. शिवेचा वाद उभा राहिला की महाराची साक्ष निर्णायक ठरे. कोणाचा बांध कुठून कुठे, कोणत्या घराचा वाटा कोणाकडे गेला, हे त्याला तोंडपाठ असावे लागे. कोणाच्या घरी मर्तिक झाले की सांगावा घेऊन पाहुण्यांच्या गावी तोच धावे, म्हणजे कोणाच्या लेकी कोणत्या गावी दिल्या हेही त्याच्या डोक्यात असे. सगळ्या गावाचे वंशवृक्ष डोक्यात वागवणारा माणूस स्वतःच्या नातवांच्या तक्त्यावर मात्र रिकामी चौकट होऊन बसला आहे.

त्याचे नाव कुठेच लिहिले गेले नाही असेही नाही. जिथे लिहिले गेले ती ठिकाणे बघा. १८७४ च्या वतन कायद्याखाली महारांची कनिष्ठ वतने सरकारदरबारी नोंदली गेली आणि वारसही नोंदले गेले. कशासाठी? यंदा येसकरकीची पाळी कोणाची, टपाल आणि सारा तालुक्याला कोणी पोहोचवायचा, साहेबाच्या घोड्यापुढे कोणी पळायचे, हे ठरवण्यासाठी. म्हणजे आपली वंशावळ लिहिली गेली ती राबणाऱ्यांची यादी म्हणून. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात हा कायदा बदलण्याचे विधेयक आणले. ते पुढे मागे घ्यावे लागले. वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. ज्या तुकडाभर जमिनीसाठी पिढ्या बांधल्या गेल्या, त्या जमिनीच्या जुन्या कागदांत आज आपण पणजोबाचे नाव शोधतो. जिथे आपल्याला जखडले तिथेच आपली नावे सापडतात, हे कडू आहे, पण शोधायला तिथेही गेले पाहिजे.

दुसरे ठिकाण लष्कर. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत ‘नाक’ शेवटी असलेली नावे आहेत. दरवर्षी आपण लाखोंनी तिथे जातो. परत आल्यावर किती जणांनी घरातल्या म्हातारीला विचारले की आपल्या घरातही कोणी ‘नाक’ होता का? १८९० च्या दशकात सरकारने महारांची लष्करभरती बंद केली आणि त्याबरोबर मानाने नाव लिहिले जाण्याची ती जागाही गेली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये मासिक काढले त्याचे नाव ‘सोमवंशीय मित्र’ होते, हे आपण विसरतो. आपल्या वाडवडिलांनीही माणूस म्हणून मान मिळवण्यासाठी आधी वंश सांगून पाहिला होता. त्यांना आज हसू नये. समोरचा माणूस वंशाखेरीज दुसरी भाषाच ऐकत नव्हता.

आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने रोखठोक हरकत घेतली. “कुळ, वंश, घराणं हे तर मनुवाद्यांचं. बाबासाहेबांनी जन्मावर माणूस मोजायचा नाही म्हणून आयुष्य घातलं. आणि आपण पोरांना वंशावळी काढायला लावायच्या?”

हरकत खरी आहे आणि ती उडवून लावता येत नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी दाखवून दिले की जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे. वंशावळ म्हणजे या सजातीय विवाहाचा हिशेब. कोणाची मुलगी कोणाला दिली आणि कोणाला दिली नाही, याचा ताळेबंद. तो ताळेबंद बिघडेल अशी शंका आली की काय होते, हे सांगायला आम्हाला लांब जावे लागत नाही. सोनई येथून काही किलोमीटरवर आहे. १ जानेवारी २०१३ रोजी तिथे मेहतर समाजाच्या तीन तरुणांना ठार केले गेले, कारण त्यांतल्या एकाचे सवर्ण मुलीशी प्रेम होते. नाशिकच्या न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. आमच्या वर्गातली मोठी मुले त्या वेळी अंगणवाडीत होती, पण घटना त्यांना माहीत आहे. झाडाची एक फांदी दुसऱ्या झाडाला लागू नये म्हणून माणसे कापली जातात, हे त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधी समजले आहे.

तरीही आम्ही त्या कार्यकर्त्याला सांगितले की झाड काढायचेच. एक कारण शुद्ध व्यवहाराचे आहे, आणि ज्यांच्या घरात कोणी दहावी-बारावीला आहे त्यांनी ते नीट वाचावे.

ज्या सरकारला तुमची जात हवी, त्याला तुमची वंशावळही हवी. जात पडताळणीच्या अर्जाबरोबर वंशावळीचे प्रतिज्ञापत्र लागते. अनुसूचित जातींसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५०. त्याआधीचा पुरावा आणा म्हणतात. वडिलांच्या, आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकातला उतारा, जन्ममृत्यूची नोंद. आणि त्या कागदावरच्या माणसाशी तुमचे नाते काय, ते वंशावळीत दाखवा. आता यातला अन्याय बघा. ज्याला जात म्हणून शाळेत घेतले नाही, त्याच्या पणतूकडे जात सिद्ध करायला पणजोबाच्या शाळेचा दाखला मागायचा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत १९१४ क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद झाली, म्हणून आज महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ती नोंद होऊ शकली कारण बाप सुभेदार होता. घोडेगावच्या, चांद्याच्या, वडाळ्याच्या येसकराच्या पोराची नोंद कोणत्या रजिस्टरात शोधायची?

शिवाय आपला कागद सरळ एका रेषेत चालत नाही. १९५६ नंतर घरात बौद्ध आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’, असे आपले कितीतरी बाप-काके शिकले, कारण केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीपर्यंत नव्हत्या. एकाच घरात आजोबा ‘महार’, वडील ‘नवबौद्ध’, मुलगा ‘बौद्ध’, आडनावही तिघांचे एक नाही, कारण एकाने गावाचे लावले, एकाने भावकीचे. नगर जिल्ह्यात आणखी एक फांदी आहे. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात या जिल्ह्यात काम केले, घोडेगावशेजारचे वडाळा हे त्यांचे केंद्र होते, आणि महार-मांगांतली काही घरे ख्रिस्ती झाली. एका पणजोबाचे दोन मुलगे. एकाचे पणतू आज बौद्ध आणि अनुसूचित जातीत, दुसऱ्याचे ख्रिस्ती आणि त्या यादीबाहेर. भोगलेली अस्पृश्यता एकच. हे तक्त्यावर काढल्याशिवाय पोरांना कळत नाही. आमच्या वर्गात दोन मुलींना ते कळले तेव्हा त्या एकमेकींच्या चुलत बहिणी निघाल्या. तोवर त्या फक्त एका बाकावर बसत होत्या.

आम्ही ते काम कसे केले ते आता सांगतो. तयार तक्ता बाजूला ठेवला. कार्डशीट आणले. घोडेगाव म्हणजे कांदा मार्केट. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या आया कांदा निवडायला, गोण्या भरायला जातात. तेव्हा पानांसाठी एका मुलीनेच सुचवले, “दादा, टरफलं लावू.” लाल कांद्याची वाळकी टरफले फेव्हिकॉलने चिकटवली की पानासारखीच दिसतात, फक्त हळू दाबावे लागते. माणसे दाखवायला जुन्या लुगड्यांचे तुकडे, गोधडीतून उरलेले. प्रत्येक माणसाच्या तुकड्याखाली नावापेक्षा जास्त लिहायचे असे ठरवले. कोणते काम केले, कोणत्या गावातून आला, अक्षर कोणी पहिल्यांदा गिरवले.

बायकांसाठी एक नियम केला. प्रत्येक बाईचे माहेरचे नाव आणि गाव लिहायचेच. वाटले तेवढे ते सोपे नव्हते. मुलांनी आजीला विचारले तर आजी सांगते, “मला इकडं आल्यावर नाव बदाललं.” मग आधीचे नाव? बऱ्याच वेळाने, जरा लाजत, आठवते. एका आजीचे माहेर नकाशावर सापडेना, कारण ते गाव जायकवाडीच्या पाण्याखाली गेले आहे. मुलाने त्या जागी निळा कागद लावला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचे नाव आधी लिहायचे असा शासनाचा नियम आहे, चांगलेच आहे. पण तो नियम पुढच्या पिढीचा झाला. मागच्या आयांची नावे आपल्यालाच गोळा करायची आहेत, आणि त्या आजींपैकी दोघी आम्ही काम सुरू केल्यापासून वारल्या.

पणजोबाच्या चौकटीचे काय झाले? तो मुलगा आजीकडे गेला. आजी पंच्याऐंशीच्या पुढे. तिला सासऱ्याचे नाव अर्थातच ठाऊक होते. पण ती ते उच्चारेना! सासऱ्याचे, नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, ही रीत तिने आयुष्यभर पाळली. मुलाच्या बापाला आजाचे नाव माहीत नव्हते त्याचे एक कारण हे होते, आणि ते आमच्या एम.ए.च्या कोणत्या पेपरात नव्हते. ज्या बाईच्या डोक्यात सगळे झाड आहे, तिच्याच तोंडाला कुलूप. गावाच्या वंशावळी डोक्यात वागवणाऱ्या महाराची आणि या म्हातारीची गोष्ट एकच आहे. शेवटी तिने नातवाला कोडे घातले. “सकाळी उठून घर झाडलं का काय निघतं? तेच.”

मुलगा धावत आला आणि नाव सांगितले. नाव येथे देत नाही, ते त्या घराचे आहे. पण वाचकांनी ओळखले असेल. पोरे हसली. मग आम्हाला तिथे थांबावे लागले. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे निंद्य असावे असे सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक का जाळले, हे सांगायला यापेक्षा चांगला धडा कुठे मिळणार, असे वाटून आम्ही जोरात बोलायला लागलो. तेवढ्यात बाप म्हणाला, “तसं नव्हं. त्याच्या आधीची चार गेली व्हती. हा तरी ऱ्हावा म्हनून केरात टाकून उचललं.” आम्ही गप्प झालो. अशी नावे इतर जातींतही ठेवत, हेही आम्हाला ठाऊक होते, भाषणाच्या ओघात सोडून दिले होते. पण मनूचा नियम आणि आईची भीती या दोन्ही गोष्टी त्या एका नावात असू शकतात. आम्ही मुलाला दोन्ही लिहायला सांगितले. नावाखाली त्याने लिहिले, ‘आधीची चार भावंडे वारली. येसकर. शीव माहीत होती. शाळा नाही.’

बाबासाहेबांचा फोटो मुलाच्या हातात उरला. आता तो कुठे लावायचा? कोणी म्हणाले बुंध्यावर, कोणी म्हणाले सूर्याच्या जागी. त्याला काही पटेना. त्याने विचारले, “बाबासाहेबांचे पणजोबा कोण?”

खोलीत शांतता. आम्ही सांगू शकलो ते आजोबांपर्यंत. लष्करात असलेले मालोजी सकपाळ. त्यांचा मुलगा रामजी, मुलगी मीराबाई, जिने आई गेल्यावर भीमाला सांभाळले. मुरबाडकरांची भीमाई. चौदावे अपत्य भीमराव. मग रमाई, आणि यशवंतराव सोडून डोळ्यांसमोर गेलेली चार लेकरे, गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. बाबासाहेबांचे चरित्र आपण ज्या पुस्तकांतून वाचत आलो तीही मालोजींपासूनच सुरू होतात.

“म्हंजी त्यांचा बी पणजोबा रिकामा,” मुलगा म्हणाला. त्याने दुसरे कार्डशीट मागून घेतले आणि आपल्या झाडाशेजारी बाबासाहेबांचे झाड काढायला बसला. मीराबाईला त्याने मोठा तुकडा दिला. चार लेकरांना कांद्याची सगळ्यात लहान टरफले लावली. वरची चौकट रिकामी ठेवली आणि पेन्सिलने आखली. दोन्ही तक्ते त्याने शाळेत नेले. शिक्षकांनी दोन्ही भिंतीवर लावले, असे तो सांगतो. आम्ही अजून पाहिलेले नाहीत.

त्याच्या स्वतःच्या तक्त्यावर पणजीची चौकट अजून रिकामी आहे. आजीला सासूचे माहेर आठवते, शेवगावच्या बाजूला होते एवढे. नाव तिने कधी ऐकलेच नाही, सगळे ‘म्हातारी’ म्हणत. पणजीच्या धाकट्या बहिणीचे कोणी शेवगावकडे आहेत असे कळले आहे. पावसाने उघडीप दिली की येत्या रविवारी आम्ही मुलाला घेऊन तिकडे निघणार आहोत.

जय भीम.